थप्पीचं पोट

शरच्चंद्र मोहोड सर आयुष्यात एकदाच भुंकले. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, गुडघ्यांवर बसून. उजवा हात मोडला होता. समोर त्यांचाच एक जुना विद्यार्थी उभा होता आणि म्हणत होता, "आनखी एकदा सर. आवाज नाही आला."

पण सरांची गोष्ट सांगायची तर बैलापासून सुरुवात करावी लागते.

काटोलकडच्या गावातला वैशाख. शरद तेव्हा चौथीत होता. वडील, मनोहरराव, बाजारातून आले आणि त्यांनी विचारलं, "बैलाले पाणी पाजलं का रे?" शरद म्हणाला, "हाव." चुलतभावानं त्याला तसं सांगितलं होतं. चुलतभावाला आणखी कोणी तरी सांगितलं होतं. पवळ्या दिवसभर नांगराला जुंपलेला होता. संध्याकाळी तो गोठ्यात बसला, त्यानं मान टाकली आणि तो परत उठला नाही.

मनोहररावांनी बैल हाकायची तुतारी उचलली. तिच्या टोकाला लोखंडी आर होती. एकेक फटका मारत ते एकच विचारत होते, "तू पाह्यलं होतं का? सांग, तू पाह्यलं होतं का?" आईनं मध्ये पडून स्वतःच्या दंडावर एक फटका घेतला, तेव्हा ते थांबले. मग गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडले.

आरेची खूण सरांच्या पाठीवर अजून आहे. लग्नानंतर गोपिकाबाईंनी विचारलं, तेव्हा सरांनी वडिलांना दोष दिला नाही. म्हणाले, "बरोबर विचारत होते ते."

पुढे हा मुलगा नागपूरला आला आणि कॉमर्स शिकला. सी.ए. व्हायचं म्हणून एका फर्ममध्ये उमेदवारी धरली. तिथल्या वरिष्ठानं सांगितलं, की गिरणीतल्या मालाचा अहवाल इथंच बसून लिही, मागच्या वर्षीचा पाहून. शरद उठला आणि उन्हात गिरणीवर जाऊन आला. परत आला तेव्हा त्याच्या टेबलाशी दुसरा मुलगा बसलेला होता.

मग एम.कॉम., मग सेट. मग बरीच वर्षं तासिका तत्त्वावर, लुनावर बसून सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं. पीएच.डी.चा विषय होता सहकारी गोदामांतल्या साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हा विषय हमालाचा आहे, विद्वानाचा नाही." सर म्हणाले, "हमालाला विचारूनच लिहिलाय, सर." पदवी मिळाली. कायम नोकरी मिळाली. पण सहयोगी प्राध्यापकाच्या पुढे गाडी सरकली नाही, कारण विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या शोधनिबंधावर ते आपलं नाव घालू देत नसत. बाकीचे घालू देत. बाकीचे पुढे गेले.

लेखापरीक्षण हा विषय कोणालाच आवडत नाही. तो पास व्हावा लागतो म्हणून मुलं येतात. इंग्लंडातल्या एका जुन्या खटल्यातलं वाक्य त्यात दरवर्षी शिकवावं लागतं, की लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा असतो, शिकारी कुत्रा नव्हे. त्यामुळे सरांचं नाव 'वॉचडॉग' पडलं. सर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून भू-भू व्हायचं. सर पाठमोरेच म्हणायचे, "भुंका बाप्पा. पण आधी पाहा."

त्यांचे नियम मुलांना पाठ होते. दुसऱ्यानं दाखवलेलं पोतं मोजायचं नाही, आपण निवडायचं. ज्यानं पाहिलं त्याचंच नाव कागदावर. आणि काही चुकीचं दिसलं तर गवगवा करायचा नाही, आधी त्या संस्थेला लेखी विचारायचं, तिचं म्हणणं ऐकायचं. सर याला सभ्यता म्हणत. सगळा घात याच सभ्यतेनं केला.

यंदा बी.कॉम.च्या मुलांना क्षेत्रभेट सक्तीची झाली. सरांनी हुडकेश्वरच्या पुढचं हिरवाई शेतमाल सहकारी संस्थेचं गोदाम निवडलं. संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी कॉलेजच्या संचालक मंडळावरही होते. त्यांनी हसत परवानगी दिली. "पोट्टे येऊ द्या सर. पेपरात फोटो येईल."

गोदामात सोयाबीन होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी भाव वाढेपर्यंत आपला माल तिथं ठेवत. छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. आगीच्या भीतीचं कारण सांगून चौकीदारानं सगळ्यांचे मोबाइल फाटकावरच काढून घेतले. सर मुलांना समजावून सांगत होते. लांबीची पोती, रुंदीची पोती, उंचीची पोती, गुणाकार केला की झाला हिशोब, असं सगळे करतात. "पण गुणाकार थप्पीच्या बाहेरून होतो. पोट कोण पाहणार?"

सरांचा गुडघा चढण्यातला नव्हता. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. वेदिका बावणे ओढणी कमरेला खोचून आधीच पुढं झाली होती. हुडकेश्वरचीच मुलगी, वडील प्रेमानंद ऑटो चालवायचे. काटकुळी आणि तोंडाळ. वर्गात सर्वांत मोठ्यानं भुंकणारी तीच, असं सरांना पक्कं माहीत होतं.

"जाऊ का सर?"

"जा. मधलं एक पोतं सरकव आणि हात घाल."

ती खारीसारखी वर गेली. पोटावर पडून तिनं पोतं सरकवलं. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. मग ती तशीच पडून राहिली. खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत भुसा होता आणि चेहरा उतरला होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "आत लाकडाच्या बल्ल्या उभ्या हायेत. अन् खाली अंधार हाये. पोतेच नाही."

"पाहिलंस?"

"डोकं घालून पाह्यलं."

सरांनी मुलांना शांतपणे बसमध्ये बसवलं. घरी येऊन एक पान लिहिलं. थप्पी आतून पोकळ आढळली, खुलासा व्हावा. खाली नेहमीच्या सवयीनं ओळ घातली: प्रत्यक्ष पाहणी, वेदिका प्रेमानंद बावणे, बी.कॉम. अंतिम वर्ष. त्याखाली आपली सही. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला भैय्याजींच्या ऑफिसात ते पान स्वतः नेऊन दिलं. भैय्याजींनी चहा पाजला, पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "देतो ना खुलासा सर. थोडा वेळ द्या."

घरी गोपिकाबाई भाजी निवडत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला.

"चोराले इचारून आले तुमी? चोरी केली का बाप्पा म्हणून?"

"आधी त्यांचं म्हणणं ऐकायचं असतं. नियम आहे."

"अन् तो ऐकवाले घरी आला म्हणजे?"

तो सरांच्या घरी आला नाही. कागदावर जिचं नाव होतं तिच्या घरी गेला.

त्याच आठवड्यात सकाळी वेदिका स्कूटीनं कॉलेजला निघाली होती. हुडकेश्वर रोडवर मागून बोलेरो आली. बिनानंबरची. तिनं स्कूटीला उडवलं नाही, कडेला दाबत नेलं, विजेच्या खांबापर्यंत. वेदिका पडली. गाडी थोडी मागे आली आणि तिच्या डाव्या पायावरून परत पुढे गेली. रस्त्यावर भाजीवाले होते, शाळेची मुलं होती. कोणी नंबर पाहिला नाही, कारण नंबर नव्हता. कोणी चेहरा पाहिला नाही, कारण ड्रायव्हरनं उन्हाचा दुपट्टा बांधलेला होता. ठाण्यात अपघाताची नोंद झाली. अज्ञात वाहन.

सर धंतोलीच्या दवाखान्यात धावत पोचले. दुसऱ्या मजल्यावर प्रेमानंद भिंतीला टेकून उभा होता. खाकी शर्ट मुलीचं रक्त वाळून कडक झाला होता. सरांना पाहून तो चालत आला आणि त्यानं सरांच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडून बाकाखाली गेला.

"काल घरी आला होता तो भैय्याजींचा पिंटू. हातात तुमचा कागद. वेदिका बावणे कोन हाये म्हणे. मी म्हटलं, माही पोट्टी हाये, काहून? हसत गेला." त्यानं सरांची कॉलर धरली. "तुमी तिचं नाव कायले लेहलं? सांगा ना! तुमच्या नावानं नसतं चाललं का?"

सरांजवळ उत्तर होतं. ज्यानं पाहिलं त्याचं नाव. आतून वेदिकाची किंकाळी आली. प्रेमानंदनं कॉलर सोडली आणि तो दाराला डोकं लावून उभा राहिला. डॉक्टर पाय वाचवायचा प्रयत्न करत होते.

सर खाली पार्किंगमध्ये आले. तिथं पिंटू होता. सोबत तिघं, तोंडाला दुपट्टे. पिंटूनं तोंड झाकलेलं नव्हतं. तो सरांचा आठ-दहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. लेखापरीक्षणात दोनदा नापास, तिसऱ्यांदा सरांनी घरी बोलावून शिकवलं होतं, गोपिकाबाईंनी पोहे खाऊ घातले होते.

"नमस्कार करतो सर," तो म्हणाला आणि खरंच वाकला. "तुमच्याच हातानं पास झालो मी. कोनता हात होता? हा ना?"

दोघांनी उजवा हात गाडीच्या बोनेटवर दाबून धरला. तिसऱ्यानं लोखंडी पाना मारला. पहिल्या फटक्यात बोटं गेली. दुसऱ्यात मनगट. एक बाई आपली गाडी काढत होती. ती थबकली, मग गाडी न काढताच निघून गेली.

"लेहनं बंद, सर. आता असं करा, तुमाले पोट्टे काय म्हनत होते? वॉचडॉग. मग भुंका बरं."

पिंटूनं छताकडे बोट केलं. "दुसरा मजला, खाट खिडकीजवळची. एक पाय हाये अजून तिच्याजवळ."

आणि सर भुंकले.

हाताला प्लास्टर बसलं. सर ठाण्यात गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं हाताची तक्रार नोंदवून घेतली, चहा मागवला आणि विचारलं, "सर, थप्पी पोकळ आहे हे पाहिलं कोणी? तुम्ही?"

"नाही. वेदिकानं."

"मग जबाब तिचाच लागेल. तिला परत यात आणायचं का, ते तुम्ही सांगा."

सर घरी आले आणि दिवाणावर बसून राहिले. वेदिकाचं नाव काढायचं होतं. काढायला एकच वाक्य लागत होतं, की थप्पीवर मी चढलो होतो. अडचण मोडक्या हाताची नव्हती, ते डाव्या हातानंही लिहिता आलं असतं. पण ते चढले नव्हते. आणि तिचं नाव तसंच ठेवलं तर पिंटू पुन्हा जाणार होता. दुसऱ्या पायासाठी.

सकाळी त्यांनी गोपिकाबाईंना शर्टाची बटणं लावून द्यायला सांगितली.

"कुठं निघाले?"

"पाहायला."

बाईंनी शेवटचं बटण लावलं. आत जाऊन साडी खोचली, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि ॲक्टिव्हाची किल्ली घेतली. "बसा मागं. एका हातानं धरा मले."

तो माल उचलायचा दिवस होता. भाव वाढला होता. फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते, आणि आत थप्प्यांपुढं शेतकरी पावत्या घेऊन बसले होते. काटा बिघडला, असं सांगून त्यांना सकाळपासून बसवून ठेवलं होतं. चौकीदार गाडीवरून उतरून आत निघालेल्या सरांना अडवायला उठला, पण मागून बाईंनी गाडी थेट फाटकात घातली आणि तिथंच उभी केली. ना फाटक लागू शकत होतं, ना उघडू शकत होतं.

सर त्या थप्पीशी गेले. एक म्हातारा शेतकरी तिलाच टेकून बिडी मळत होता.

"बाबा, वर चढायचं आहे. पोट पाहायचं आहे थप्पीचं."

"कोन तुमी?"

"मास्तर आहे."

म्हाताऱ्यानं प्लास्टर पाहिलं. बिडी कानावर ठेवली. "चढा ना मग. आमचाच माल हाये. ठेवा खांद्यावर पाय."

सर चढले. गुडघ्यानं साथ सोडली तिथं छातीनं सरकले. प्लास्टरचा हात पोत्यावर आपटला की डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं. वर पोचून त्यांनी दातांनी सुतळी ओढून पोतं सरकवलं. आत डोकं घातलं. बल्ल्या. अंधार. कुटाराचा, भुशाचा वास. त्यांनी पाहिलं. नीट पाहिलं. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत पाहिलं.

खालून पिंटूचा आवाज आला. "सर, उतरा खाली. पडान."

सर उठून गुडघ्यांवर बसले आणि ओरडले. त्यांचा आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "बाबांनो, ही थप्पी पोकळ आहे! मी स्वतः पाहिली. आत सोयाबीन नाही!"

मग पिंटू थप्पीवर चढला. त्यानं सरांचा पाय धरून ओढला. सर पडताना एका बल्लीला अडकले. बल्ली निसटली. पुढची भिंत पोट फुगल्यासारखी बाहेर आली आणि धाडकन कोसळली. सर आणि पिंटू पोत्यांबरोबर खाली आले. काही पोती फुटली. बाहेरच्या रांगेतल्या पोत्यांतही सगळीकडे सोयाबीन नव्हतं. कुटार होतं. पंख्याच्या वाऱ्यानं ते गोदामभर उडालं, शेतकऱ्यांच्या टोप्यांवर, पावत्यांवर, उघड्या तोंडांत.

मग जे झालं ते सरांनी पोत्याखाली अर्धं दबून पाहिलं. काट्याची वजनं खिडक्यांतून ऑफिसात गेली. संस्थेचा मॅनेजर टेबलाखालून ओढून काढला गेला आणि त्याच्या पाठीवर माणसं नाचली. बाहेर बोलेरो उलटली. दुपट्टेवाले कंपाउंडवरून उड्या मारून पळाले. पिंटूला पळता आलं नाही, त्याचा पाय पोत्यांखाली होता. त्याला चपलांनी, मग काठ्यांनी, मग ट्रॅक्टरच्या साखळीनं मारलं. त्याचा कान फाटून गालावर लोंबू लागला. तो "माय वं, माय वं" करत होता.

एका तरण्या शेतकऱ्यानं हमालाचा पोतं ओढायचा लोखंडी आकडा उचलला. पिंटूचे केस धरून मान मागे केली आणि आकड्याचं टोक गळ्याला लावलं. कोणी तरी ओरडलं, "हुडकेश्वरची पोट्टी यानंच उडवली म्हन्तात!" दुसरा म्हणाला, "मास्तराले इचारा. मास्तर खोटं नाही बोलनार."

सगळे सरांकडे वळले. गोपिकाबाई गर्दी ढकलत आत आल्या होत्या, त्याही थांबल्या.

"मास्तर," आकडेवाला म्हणाला, "गाडी यानंच चालवली का? हो का नाही, येवढंच सांगा."

सरांनी पिंटूकडे पाहिलं. एक डोळा बंद होता, दुसरा सरांवर होता. गळ्यावर आकड्याखाली रक्ताचा थेंब आला होता. सरांच्या मोडक्या हातात ठणका होता. पार्किंगमधलं भुंकणं कानात होतं. दाराला डोकं लावलेला प्रेमानंद होता. त्यांना माहीत होतं. जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा पक्कं माहीत होतं. हो म्हणायची इच्छा त्यांच्या दातांपर्यंत आली.

"मी पाहिलं नाही," सर म्हणाले.

"पाह्यलं नसंल. पन तोच हाये ना?"

"मी पाहिलं नाही. माझा हात यानं मोडवला, ते पाहिलं. ते सांगतो. गाडी कोण चालवत होतं ते मी पाहिलं नाही."

आकडेवाल्यानं शिवी दिली. आकडा खाली आला, गळ्यात नाही, खांद्यात. पिंटू गुरासारखा ओरडला. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. त्याला उचलून नेलं तेव्हा तो जिवंत होता. भैय्याजी दुपारीच छातीत दुखतंय म्हणून कुठल्याशा खासगी दवाखान्यात भरती झाले. त्यांच्या दाराशी पोलीस बसला.

संध्याकाळी सर गोपिकाबाईंना घेऊन वेदिकाच्या खाटेशी गेले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. चादर तिथं सपाट होती. सर चादरीकडे पाहत नव्हते, असं म्हणता येणार नाही. ते तिथंच पाहत होते.

त्यांनी पिशवीतून नवं पान काढलं. डाव्या हातानं लिहिलेलं, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. प्रत्यक्ष पाहणी, शरच्चंद्र मनोहर मोहोड. वेदिकाचं नाव कुठंच नव्हतं.

"आता मी पाहिलं आहे," सर म्हणाले. "तुला कोणी विचारणार नाही."

प्रेमानंदनं पान वाचलं, घडी करून परत दिलं आणि हात जोडले.

"अन् पिंटू?" वेदिकानं विचारलं.

सरांनी सगळं सांगितलं. आकडा, प्रश्न, उत्तर. सांगताना त्यांची मान खाली होती. गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

वेदिकानं छताकडे पाहिलं. "तुमी हो म्हटलं असतं तर मेला असता."

"हो."

"बेस झालं असतं." मग ती म्हणाली, "मी पाह्यलं होतं सर. गाडी मागं आली ना, तवा काच खाली होती. दुपट्टा सरकला होता त्याचा. माह्याकडे पाहून त्यानं गिअर टाकला."

प्रेमानंद ताडकन उठला. "नाही! काही नाही पाह्यलं तू. ऐकते का वं? काही नाही पाह्यलं!"

"बाबा, पाह्यलं मी."

"एक पाय गेला तुहा!"

"तोच सांगून राहिले ना मी. कोनं नेला ते."

प्रेमानंद खोलीबाहेर निघून गेला. दार आपटलं. लिही म्हणायचा हक्क त्यांना नव्हता, आणि लिहू नको म्हणणं जमत नव्हतं. वेदिकानं हात पुढे केला. सरांनी पिशवीतून कोरं पान दिलं, खिशातला पेन दिला. तिच्या हाताला सलाईनची सुई होती, पान पोटावर ठेवून लिहिता येत नव्हतं. पहिल्या ओळीतच ते घसरून खाली गेलं. सर एका हातानं ते उचलायला वाकले आणि त्यांना ते जमेना.

दार उघडलं. प्रेमानंद आत आला. त्यानं पान उचललं, औषधांचा ट्रे रिकामा करून मुलीच्या पोटावर ठेवला, त्यावर पान ठेवलं आणि दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं. त्याचे डोळे वाहत होते आणि तो भिंतीकडे पाहत होता.

"लेह," तो म्हणाला. "तुहं नाव नीट लेह. पूर्न लेह."